कोपरामागची नस

मी संशयी बाई आहे. दूधवाला एक दिवस माप जरा जास्त घालून गेला तर मला रात्रभर वाटत राहतं की याने कालचं दूध खपवलं. माझी मुलं याला हसतात. हसू देत. त्यांनी ती वर्षं बघितलेली नाहीत, आणि त्या वर्षांत जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत बसून मी काय पाठ करत होते तेही त्यांना ठाऊक नाही.

तेव्हा आमचं जबलपूर कारखान्याच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावरच जेवायचं. लढाई लागल्यावर तर शिफ्ट संपायचं नावच घेईनात. खिडक्यांच्या काचांना आम्ही खाकी कागद चिकटवले होते आणि सायकलीच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. इथे दारूगोळा होतो, फौजेच्या गाड्या होतात, म्हणून शहरात हेर फिरून राहिले, असं ज्याच्या-त्याच्या तोंडी होतं. एका बिचाऱ्या चादरी विकणाऱ्याने कारखान्याचं फाटक कुठे म्हणून विचारलं, तर लोकांनी त्याला धरून चौकीत नेलं आणि त्याचं गाठोडं उलगडून उलगडून बघितलं. चादरीच निघाल्या. तरी शेजारच्या काकू म्हणाल्या, "आज चादरी निघाल्या."

बाबा कारखान्यात होते. तिथे काय करायचे ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. आई वैतागून म्हणायची, "इतके वर्षं संसार करून राहिली, नवरा दिवसभर काय करते ते मालूम नाही." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि अजून एक पोळी मागायचे. घराघरात असंच होतं. न सांगणारा माणूस एक तर फार मोठ्या कामावर असायचा, नाहीतर त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असायचं, आणि बाहेरून दोघे सारखेच दिसायचे.

मी शिकत होते फिजिओथेरपी. शहरातल्या एका दवाखान्यात तो वर्ग नुकताच निघाला होता. लढाईतून येणाऱ्या जवानांना पुन्हा उभं करायला, चालतं करायला माणसं लागणार होती. आमच्या नातेवाइकांच्या जिभेला तो शब्द काही वळला नाही. ते सगळीकडे सांगायचे, पोरगी मालिश शिकून राहिली. मी चिडायचे, मग चिडायचंही सोडून दिलं.

शेवटच्या परीक्षेला माझे तीन पेपर उरले होते: अ‍ॅनाटॉमी, पॅथॉलॉजी आणि एथिक्स. अ‍ॅनाटॉमी वाचायला लागल्यापासून मला कपड्यातला माणूस दिसेनासा झाला. भाजीवाली तराजू उचलायची आणि मी तिच्या दंडाचे स्नायू मोजायचे. पॅथॉलॉजीने त्याहून वाटोळं केलं. बाबा खोकले की मला क्षय दिसायचा, आईचे पाय सुजले की मी तिच्या मूत्रपिंडावर जाऊन पोचायचे, आणि स्वतःला तर मी पुस्तकातला बहुतेक एकेक रोग लावून बघितला होता. या दोन विषयांनी जे जे दिसायला लागलं ते कोणाला बोलायचं नाही, हे सांगायला तिसरा विषय होता. एथिक्स शिकवणारे आणि पॅथॉलॉजी शिकवणारे डॉक्टर एकच, हिंदी बोलणारे, कोरडे गृहस्थ. ते म्हणायचे की निदान करणं हे तुमचं काम नाही, आणि हाताला जे कळलं ते ज्याचं शरीर त्याच्या परवानगीशिवाय तोंडातून बाहेर काढायचं नाही. मी ते वहीत लिहून खाली लाल रेघ मारली होती.

उजळणीला शरीर लागतं. पुस्तकातल्या चित्रात सगळ्या नसा पिवळ्या असतात आणि कुठून सुरू होऊन कुठे जातात ते स्वच्छ दिसतं. खऱ्या हातात काही दिसत नाही, बोटांनी शोधावं लागतं. बाबा घरी नसायचे, आईला गुदगुल्या व्हायच्या, म्हणून माझं शरीर म्हणजे ताई. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, भरल्या अंगाची, शांत. तांदूळ निवडता निवडता ती एक हात माझ्या मांडीवर टाकून द्यायची आणि मी त्यावर निळ्या पेन्सिलीने नसांच्या वाटा काढत बसायचे. "आज कुठवर आली तुझी रेल्वे?" असं ती विचारायची.

कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, एक खाच असते. तिथे दाराची चौकट लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तो अनुभव सगळ्यांनाच असतो. ती नस मला सगळ्यांत आधी सापडली, कारण ताईच्या हातात ती परकराच्या नाडीएवढी लागायची. बोटाखाली अशी गोल फिरायची. माझी स्वतःची मला जेमतेम लागे. पण मी होते काडी आणि ताई होती भरलेली, म्हणून माझी नस बारीक आणि तिची जाड, असं माझं शास्त्र. वर्गातल्या मुलीही सगळ्या माझ्यासारख्याच वाळक्या. पुस्तकात लिहिलं होतं की तिथे बोटाने टिचकी मारली की झिणझिणी येते. ताईला मारली तर ती म्हणायची, "काही नाही होऊन राहिलं." मी म्हणायचे, तू दगड आहेस. ती हसायची आणि तांदळातला खडा बाहेर टाकायची.

आता त्या स्थळाची गोष्ट.

ताईला सव्विसावं लागलं होतं. आधीची स्थळं कोणी रंगावरून, कोणी शिक्षणावरून परतली होती, आणि दर वेळी ताई पोहे केलेली कढई घासून जागेवर ठेवायची आणि त्यावर एक शब्द बोलायची नाही. हे स्थळ शहरातल्याच अधारतालचं. मूळचे आमच्यासारखेच वर्ध्याकडचे. मुलगा कारखान्यात, घरी आई, मोठा भाऊ आणि वहिनी. तो बघायला आला तेव्हा पांढरा शर्ट घातलेला, अंगाने चांगला धष्टपुष्ट, आणि बोलायला अगदी मोजका. बाबांनी विचारलं, कोणत्या कामावर? तो म्हणाला, "तपासणीच्या." कसली तपासणी, ते त्याने सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. मला तेव्हाच वाटलं की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. एवढं बोलून झालं तरी त्याचा उजवा हात पँटच्या खिशातच होता.

चहा झाल्यावर बाबांनी पानाचं तबक पुढे केलं. आता त्याला हात बाहेर काढावाच लागला. त्याने विड्याचं पान उचललं, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये चपटं धरलं, आणि त्याच्या अंगठ्याचं टोक एकदम वाकून आकड्यासारखं झालं. पान पडू नये म्हणून तो अंगठ्याच्या पेऱ्याने जोर लावत होता. माझ्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. आदल्याच दिवशी मी हे पाठ केलं होतं. रोग्याला कागद असा चपटा धरायला सांगायचा आणि आपण ओढायचा. अंगठा वाकला तर समजायचं की कोपरामागची नस कामातून गेली. मी नीट बघितलं तर अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधला मांसल भागही खोल गेला होता. आणि ती नस कशाने जाते, त्याची कारणं सरांनी फळ्यावर लिहिली होती. आपल्याकडे सगळ्यांत वर काय, तर महारोग.

तो गेल्यावर ताई कप विसळायला बसली. मी तिच्या शेजारी बसले, तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरे आहेत ना गं?" आजवर कोणत्याही स्थळाबद्दल तिने हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बरे आहेत, आणि सरळ आईकडे गेले.

वहीतली लाल रेघ मला आठवत होती. पण माझ्या बहिणीचा प्रश्न होता. एथिक्स गेलं खड्ड्यात, असं मी मनात म्हटलं आणि आईला सगळं सांगितलं. आईने आधी तोंडावर पदर धरला. मग तिचा पट्टा सुरू झाला, "लपवून लग्न करून राहिले का मेले? आपल्या पोरीच्या जिवावर उठले? म्हणून खिशातून हात निघून नाही राहिला." बाबांना कळलं तेव्हा त्यांनी सगळं पुन्हा एकदा ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "वाटते, असं नको सांगू. आहे की नाही, ते सांग. तू आहे म्हटलं तर मी आजच नकार कळवतो. तू नाही म्हटलं तर तारीख काढतो."

मी अजून परीक्षासुद्धा पास झाले नव्हते. आणि ताईचं लग्न माझ्या बोटांवर येऊन थांबलं.

ताईने हे स्वयंपाकघरातून ऐकलं असणार, कारण संध्याकाळी ती माझ्याजवळ आली. "नक्की आहे का?" तिने विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. "मग नक्की कर," ती म्हणाली. "अर्धवट नको सोडू." तिचा आवाज इतका सरळ होता की मला तिचाही थोडा रागच आला.

बाबांनी काहीतरी निमित्त काढून त्याला रविवारी दुपारी बोलावलं. मी पुस्तक घेऊन समोर बसले आणि चेहरा शक्य तितका भोळा करून म्हटलं, "माझी परीक्षा आहे. तुमच्या हातावर जरा प्रॅक्टिस करू का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "परीक्षा तुमची का माझी?"

"माझीच," मी म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला, आणि बाही वर केली.

मी कोपराच्या खाचेत बोट घातलं आणि गोंधळले. मला तिथे सुतळीएवढी जाड नस अपेक्षित होती. महारोगात ती सुजते, जाड होते, असं पुस्तक सांगत होतं. याची तर ताईपेक्षाही बारीक. भरल्या अंगाचा पुरुष, आणि नस माझ्यासारखी, धाग्यासारखी. टिचकी मारली तर त्याने झटकन हात ओढला आणि करंगळी चोळली. मी कापूस घेतला, त्याला डोळे मिटायला सांगितलं, आणि बोटांवरून फिरवत विचारलं की कुठे लागतं. त्याला सगळीकडे कळत होतं, फक्त करंगळीवर जरा बोथट. मग मी बाही खांद्यापर्यंत वर करायला लावली आणि कुठे फिकट चट्टा दिसतो का ते बघायला लागले. त्याने डोळे उघडले.

"हे परीक्षेत विचारतात?" त्याने विचारलं.

मी पुस्तकाचं पान उलटलं. ताई चहा घेऊन दारात उभी होती, एका हाताने ट्रे धरून, दुसरा हात पदराखाली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने तिच्याकडे बघितलं, मग बाही खाली घेतली आणि मला म्हणाला, "आमच्याकडे लोखंडी टेबलं आहेत. उजवा कोपर टेकवून, हात स्थिर धरून बसावं लागते. लढाई सुरू झाल्यापासून ड्यूटी लांबली. अंगठा तेव्हापासून असा झाला. दवाखान्यात दाखवलं तर कामावरून काढतात, म्हणून दाखवलं नाही. याच्यापुढे मला सांगता येत नाही."

वा, मी मनात म्हटलं, छान सोय आहे. अडचण आली की सांगता येत नाही. चट्टा मला दिसला नव्हता, पण पाठ कुठे बघितली होती मी? आणि ती बारीक नस माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी मीच ठरवलं की ती सुकली असणार. रोग जुना असेल तर सुकत असेल. असं पुस्तकात कुठेही नव्हतं, पण मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर मी डॉक्टरांकडे गेले. नाव-गाव न सांगता विचारलं की महारोगात नस जाड होण्याऐवजी बारीक होते का. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कितनी बारीक?" मी म्हटलं, धाग्यासारखी. त्यांनी स्वतःची बाही वर केली आणि कोपर माझ्यापुढे केलं. "ये देखो." मी बोट लावलं. धाग्यासारखीच.

"ये नॉर्मल है," ते म्हणाले. टेबलाची हकीकत सांगितल्यावर म्हणाले की कोपरावर सतत दाब पडला की असं होतं. कोपराखाली गादी घ्यायला सांगा, टेकवणं बंद करायला सांगा, वेळ लागेल पण सुधारेल. मी सुटले. अक्षरशः खांदे हलके झाले. घरी जाऊन ताईला कधी सांगते असं झालं. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "तुमने नॉर्मल कितनी मोटी समझी थी?"

मी हसत बोटं जुळवून दाखवलं. परकराच्या नाडीएवढी.

ते हसले नाहीत. "किसकी है?"

मी जुळवलेली बोटं सोडली. त्यांनी पुढचा प्रश्न अगदी हळू विचारला, तो हात भाजतो का, आणि भाजलं तर कळतं का. ताई चुलीवरचं पातेलं सांडशीशिवाय उतरवायची. आई ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची की माझ्या पोरीचे हात कसे कामाला सरावलेले आहेत. मी डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसले.

वर्षभर मी रोगी हातावर निरोगी हात शिकले होते. त्याच मापाने एका चांगल्या माणसाला मोजून त्याच्यात खोट काढली होती.

घरी आले तेव्हा आई देवळात गेली होती. ताई कपडे घड्या करत होती. मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि कापूस फिरवला. करंगळीला कळेना. शेजारच्या बोटाला अर्धं कळेना. दंडाच्या मागे एक फिकट डाग होता, तो तिला माहीत होता. तिला वाटायचं, शिबं असेल, उन्हाळ्यात येतं तसं. तिथेही तिला कापूस लागला नाही. मी रोगाचं नाव घेतलं तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "करंगळी सरळ नाही होऊन राहिली, हे मला दिवाळीपासून माहीत आहे. ते आले तेव्हा मी हात पदराखाली ठेवला होता. तू त्यांच्याचकडे बघून राहिली होती."

डॉक्टरांनी तिला बघितलं, तपासण्या केल्या आणि गोळ्या सुरू केल्या. म्हणाले की हा बरा होणारा आजार आहे, वर्षं लागतील, पण होईल. हाताला भाजू द्यायचं नाही, कापू द्यायचं नाही, रोज बघायचं. एकत्र जेवल्याने-खाल्ल्याने काही होत नाही. हे मी आईला एक-दोनदा नाही, शंभरदा सांगितलं. तरी ताईचा पेला एके दिवशी मला वेगळ्या फळीवर दिसला. मी तो उचलून सगळ्यांच्या पेल्यांत नेऊन आपटला आणि आईशी कडाकडा भांडले.

पण खरा धक्का अजून पुढेच होता. मुलाच्या हाताला तो रोग नाही, हे मी बाबांना सांगितलंच होतं. बाबा म्हणाले, "मग आता नाही म्हणायचं कारण नाही. लवकरची तारीख बघतो." मी म्हटलं, आणि ताईचं? आईने इकडे-तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "गोळ्या चालू आहे ना? दिसून राहिलं का काही? कोणाला काय सांगायची गरज आहे? लग्न झाल्यावर पुढचं पुढे." हीच आई आठवड्यापूर्वी मेले-मेले करत होती. बाबांनी मला पुढ्यात बसवून सांगितलं की तुमच्या त्या विषयात आहे ना, रोग्याची गोष्ट बाहेर सांगायची नाही? मग तू पण सांगायची नाही.

मला पहिल्यांदा आपल्याच घराचा संशय आला. बाहेर चादरीवाल्यांना पकडून राहिलो होतो आम्ही.

बाबांचं म्हणणं मात्र नियमाला धरून होतं. ते शरीर ताईचं होतं, आणि मला बोलायचा अधिकार नव्हता. मी ताईला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मला तर आहे ना अधिकार?" आणि मला निरोप घेऊन पाठवलं की सुट्टीच्या दिवशी त्यांनी दवाखान्याच्या आवारात यावं.

ते सायकलवर आले. आता मी 'ते' म्हणायला लागले होते. आवारात एका बाजूला झाडाखाली बाक होतं. ताई एका टोकाला बसली, ते दुसऱ्या. मी उभी राहिले. ताईने पदराखालचा हात बाहेर काढला आणि बाकावर, दोघांच्या मधल्या जागेत ठेवला.

"हा बघा," ती म्हणाली. "करंगळी सरळ होत नाही. मला महारोग आहे. औषध सुरू झालं. बरा होतो म्हणतात, पण वर्षं लागतात. घरचे तुम्हाला सांगणार नव्हते."

त्यांनी हाताकडे बघितलं. हात लावला नाही, आणि मागेही सरकले नाहीत. मग मला विचारलं, "दुखते का यांना?"

"नाही," मी म्हटलं. "दुखत नाही, हीच पंचाईत आहे."

ते बाकावर वळून बसले. मग ताईला म्हणाले, "माझ्या घरी आई आहे, वहिनी आहे. तुमच्या बहिणीने माझा हात बघितला तसा त्या रोज तुमचा बघतील. ताट वाढताना बघतील, कपडे वाळत घालताना बघतील. मी एक रविवार सहन केलं, तर मला रात्री जेवण गेलं नाही. तुमच्याच्यानं हे रोज नाही होणार."

सुटला, मी मनात म्हटलं. किती सभ्यपणे सुटला. मी हेच धरून चालले होते, आणि खरं सांगते, ते ऐकून मला वाईट वाटायच्या आधी आपलं बरोबर निघाल्याचं समाधान वाटलं. मी ताईच्या खांद्याला हात लावला. "चल."

"बसा," ते म्हणाले. "माझं बोलणं झालं नाही. मी कारखान्याचा क्वार्टर मागतो. लढाई चालू आहे, लवकर नाही मिळणार. मिळेपर्यंत थांबता का?"

ताई काही बोलायच्या आत मीच बोलले. माझ्याच्यानं राहवलं नाही. "काहून?" मी विचारलं. "तुम्हाला दुसरी मिळेल. कोपराखाली गादी घेतली की तुमचा हात तर बरा होणार आहे. तुम्ही काहून थांबून राहिले?"

त्यांनी उत्तर मला दिलं, पण बघत होते ताईकडे. "त्या दिवशी तुम्ही माझी बाही वर करून राहिल्या होत्या, तेव्हा ह्या दारात उभ्या होत्या. माझ्यापेक्षा ह्याच जास्त घाबरल्या होत्या. मला वाटलं, माझ्यासाठी घाबरल्या."

"तुमच्याचसाठी," ताई म्हणाली. "माझं मला तेव्हा कुठे माहीत होतं?"

मग ती म्हणाली की ती थांबेल, फक्त त्यांच्या आईला लग्नाआधी खरं सांगायचं. त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईने नाही म्हटलं, मग खूप दिवसांनी हो म्हटलं, आणि लग्नाला आली ती लांब उभी राहिली. माझी परीक्षा मधल्या काळात झाली. पास झाले.

क्वार्टर लढाई संपल्यावरही लगेच मिळाला नाही. मिळाला तेव्हा एक खोली, एक स्वयंपाकघर आणि पुढे हातभर अंगण. तिथे मी पहिल्यांदा गेले ती पिशवीत मोठी सांडशी, गरम भांडी धरायची जाड फडकी आणि जळल्याचं मलम घेऊन. ताईने दार उघडलं. ती जरा भरली होती, छान दिसत होती, कपाळाला मोठं कुंकू. पण माझी नजर गेली सरळ तिच्या बोटांवर. करंगळीला फोड आहे का, तळव्याला चीर आहे का, गोळ्या घेऊन राहिली की बंद केल्या, हे सगळं मी उंबऱ्याबाहेरूनच बघून घेत होते.

तिने ते बघितलं. तिने हात लपवले नाहीत. पिशवी माझ्याकडून घेतली आणि आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "तू येत जा. केव्हाही ये. पण हात बघायला नको येऊ. हात बघायला हे आहेत."

मग तिने मला आत बसवलं आणि चहा ठेवायला गेली. मी बसले, आणि चहा येईपर्यंत स्वयंपाकघराकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.